धातुयुक्त संयुगे आणि स्तनाच्या कर्करोगावरील उपचार : एक विवेचन

प्रस्तावना :
कर्करोगाच्या औषधांत धातुसंयुगांना स्थान मिळाले ते सिसप्लॅटिनमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ज्ञात असलेल्या या संयुगाचा जैविक परिणाम अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग यांच्या संशोधनातून पुढे आला. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडपासून तयार झालेल्या संयुगांमुळे जिवाणूंचे विभाजन थांबते, असे त्यांनी १९६५ मध्ये दाखविले. १९७८ मध्ये सिसप्लॅटिनला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली.

कार्यपद्धती :
सिसप्लॅटिनमधील दोन क्लोराइड गट शेजारी-शेजारी असतात. रक्तात क्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याने ते बहुतांशी टिकून राहतात. पेशीत मात्र हे प्रमाण कमी असल्याने त्यांची जागा पाण्याचे रेणू घेतात आणि क्रियाशील झालेले प्लॅटिनम डीएनएमधील लगतच्या ग्वानिनांशी जोडले जाते. डीएनएची साखळी वाकते व तिची प्रतिकृती होण्यात अडथळा येतो. ही हानी दुरुस्त न झाल्यास पेशी मरते.

स्तनाच्या कर्करोगातील उपयोग :
‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचे ग्राही तसेच हर-२ प्रथिनाचे आधिक्य आढळत नाही. त्यामुळे टॅमॉक्सिफेन किंवा ट्रॅस्टुझुमॅब यांचा उपयोग होत नाही. या रुग्णांपैकी काहींच्या बीआरसीए जनुकांत दोष असतो व त्यांच्या कर्करोगपेशींना डीएनएची दुरुस्ती नीट करता येत नाही. अशा पेशींवर प्लॅटिनम अधिक प्रभावी ठरते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘टीएनटी’ चाचणीत जन्मजात बीआरसीए दोष असलेल्या ६८ टक्के रुग्णांना कार्बोप्लॅटिनचा प्रतिसाद मिळाला. डोसिटॅक्सेलच्या बाबतीत हे प्रमाण ३३ टक्के होते. सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता मात्र दोन्ही औषधांत फरक दिसला नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०२२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांतही शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोथेरपीत कार्बोप्लॅटिनची भर घातल्याचा लाभ प्रामुख्याने ५० वर्षांपर्यंतच्या रुग्णांत आढळला.

मर्यादा व अन्य धातू :
सिसप्लॅटिनमुळे मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांना, तर कार्बोप्लॅटिनमुळे अस्थिमज्जेतील रक्तनिर्मितीला बाधा पोहोचू शकते. म्हणून अन्य धातूंचा शोध सुरू आहे. फ्रान्समधील जेरार जाउआँ यांच्या गटाने टॅमॉक्सिफेनच्या रचनेत लोहयुक्त फेरोसीन बसवून ‘फेरोसिफेन’ ही संयुगे तयार केली. इस्ट्रोजेन-ग्राही असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या कर्करोगपेशींवर प्रयोगशाळेत त्यांचा परिणाम दिसून आला. तथापि, पेशींवरील परिणाम म्हणजे औषध नव्हे.

समारोप :
महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून तयार होणाऱ्या धातुसंकुलांची चाचणी अनेकदा केवळ एमसीएफ-७ या पेशींवर होते. या पेशी इस्ट्रोजेन-ग्राही असलेल्या आहेत. त्यांवरील निष्कर्ष ट्रिपल निगेटिव्ह प्रकाराला जसाच्या तसा लागू करता येत नाही. त्यासाठी एमडीए-एमबी-२३१ सारख्या ग्राहीविरहित पेशी, तुलनेसाठी निरोगी पेशी आणि सिसप्लॅटिन यांचा समावेश आवश्यक ठरतो. संयुग किती तीव्र आहे याबरोबरच ते कोणत्या पेशींना मारते व कोणत्या पेशींना वाचविते, यावरच त्याचे औषधी मूल्य ठरते.