ऋतुनिवृत्तीच्या उंबरठ्यावर

वयाच्या चाळिशीत जवळचे दिसेनासे झाले की जो चष्मा लागतो, त्याला आपण मराठीत चाळिशीच म्हणतो. ती लावण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. वृत्तपत्र हातभर लांब धरून वाचणाऱ्या गृहस्थास ‘हे निसर्गाचेच आहे, सोसा’ असा उपदेश कोणी करीत नाही. उलट घरातलीच माणसे त्याला चष्मेवाल्याकडे पिटाळतात. त्याच घरात, त्याच वयाची त्याची पत्नी रात्रीतून तीनतीनदा घामाने भिजून उठत असेल, पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येत असेल, कारणावाचून डोळे भरून येत असतील आणि नेहमीची नावे ऐनवेळी आठवेनाशी झाली असतील, तर ‘या वयात असे व्हायचेच’ एवढेच तिच्या वाट्याला येते. तेही तिने विषय काढला तर. बहुधा ती तो काढीतच नाही.

उपमा येथेच थांबविली पाहिजे. चष्म्याने कर्करोग होतो अशी भीती कोणी कधी घातलेली नाही. ऋतुनिवृत्तीच्या सुमारास द्यावयाच्या संप्रेरक उपचाराला, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला एचआरटी म्हणतात त्याला, ती भीती जवळजवळ दोन तपे चिकटून बसली आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु तिचे माप चुकले आहे, आणि त्या चुकीची किंमत ज्या स्त्रियांनी मोजली त्यांना ती आपण मोजीत आहोत याची कल्पनाही नव्हती.

मुळात हा काळ कोणता, हे आधी पाहिले पाहिजे. सुश्रुतसंहितेने ऋतुप्राप्तीचे वय बारा आणि ऋतुक्षयाचे पन्नास सांगितले आहे. आज पाश्चात्य स्त्रीची पाळी सरासरी ५१ व्या वर्षी बंद होते. भारतीय स्त्रीची ४६-४७ व्या वर्षीच. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ऋतुनिवृत्ती झाली, अशी वैद्यकाची व्याख्या आहे. म्हणजे ती झाल्याचे वर्षभराने कळते. खरा त्रास पुष्कळदा त्याआधीच्या चार-पाच वर्षांत असतो. या संक्रमणकाळाला आपल्या भाषेत सुटसुटीत नाव नाही. बायका ‘पाळी जायला लागली आहे’ असे म्हणतात, आणि तेच सर्वांत नेमके आहे. भारतीय स्त्रीच्या बाबतीत हे जाणे चाळिशी उलटताच सुरू होऊ शकते, हे पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही.

या काळात अंडाशये हळूहळू शांत होत जातात असा समज आहे. वस्तुतः ती शांतपणे निवृत्त होत नाहीत. इस्ट्रोजेनची पातळी एका महिन्यात पूर्वीपेक्षाही वर चढते आणि पुढच्या महिन्यात कोसळते. काही महिने बीज सुटतच नाही. बीज सुटले नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि त्याचा लगाम नसल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाऊन एकदम अंगावरून फार जाते. मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र या चढउतारांनी बिघडते. त्यातून अंगातून निघणाऱ्या वाफा, घाम आणि तुटक झोप. सांधे दुखणे, छातीत धडधडणे, विनाकारण घाबरे होणे हीही याच घराण्यातील लक्षणे होत. पातळी दिवसागणिक बदलत असल्याने, पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीमध्ये रक्तातील संप्रेरके मोजून निदान करण्याची गरज सहसा नसते. निदान करावयाचे ते तिचे ऐकून घेऊन. आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

प्रस्तुत लेखिकेला वयाच्या ४६ व्या वर्षी रात्री छाती धडधडून जाग येऊ लागली. हृदयाचा आलेख निघाला, तो निर्दोष होता. मग जीवनसत्त्वांच्या गोळ्या झाल्या, मग झोपेच्या. शेवटची पाळी कधी आली होती, हा प्रश्न पाचव्या महिन्यात, तिसऱ्या दवाखान्यात प्रथम विचारला गेला. या पाच महिन्यांत कोणीही वाईट वागले नाही. उलट सर्वजण अत्यंत सौजन्याने चुकत होते.

आता भीतीचा इतिहास. गर्भवती घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या अमेरिकेत १९४२ पासून विकल्या जात होत्या. परंतु त्यांना खरे भाग्य लाभले ते १९६६ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या डॉक्टरच्या पुस्तकामुळे. ऋतुनिवृत्ती हा एक उणिवेचा रोग आहे आणि इस्ट्रोजेन घेतले की स्त्री सदैव स्त्री राहते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यातला उद्दामपणा आज वाचणाऱ्याच्या अंगावर येतो. स्त्रीचे स्त्रीत्व म्हणजे नवऱ्याला प्रसन्न ठेवण्याची क्षमता, अशी त्यामागची धारणा होती. गोळ्या मात्र खपल्या. पुढे १९७५ मध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत अनेक पटींनी अधिक आढळतो, असे दाखविणारे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला एकटे इस्ट्रोजेन देऊ नये, सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्या जातीचे औषध द्यावे, हा नियम त्यातून निघाला. तो आजही मोडावयाचा नाही.

दुसरा आणि मोठा धक्का जुलै २००२ मध्ये बसला. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी प्रकल्पातील १६,६०८ स्त्रियांवरील प्रयोग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. दोन्ही संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला, ही बातमी जगभर गेली. रातोरात लक्षावधी स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या आणि डॉक्टरांनी त्या लिहिणे सोडले. या टक्क्यांचा अर्थ मात्र फार थोड्यांनी पाहिला. वर्षाला दर दहा हजार स्त्रियांमागे तीसऐवजी अडतीस जणींना कर्करोग झाला होता. म्हणजे आठ अधिक. रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात आणि हृदयविकार यांचीही वाढ याच मापाची होती. उलट नितंबाच्या हाडाचे मोडणे आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी झाले होते. आठ स्त्रिया म्हणजे कोणीच नव्हेत असे मुळीच नाही. परंतु टक्क्यांत सांगितलेली भीती आणि माणसांत सांगितलेली भीती यांत जे अंतर असते, तेवढ्या अंतरात एका पिढीचा उपचार नाहीसा झाला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वयाची. हा प्रयोग वाफा थांबतात की नाही हे पाहण्यासाठी नव्हताच. संप्रेरकांनी वृद्ध स्त्रीचा हृदयविकार टळतो काय, हा त्याचा प्रश्न होता. म्हणून त्यातील स्त्रिया ५० ते ७९ वर्षांच्या, सरासरी ६३ वर्षांच्या होत्या. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षे झालेल्या, धमन्या आधीच कठीण झालेल्या स्त्रीला नव्याने इस्ट्रोजेन देणे आणि पाळी जात असतानाच ते सुरू करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास, ज्या स्त्रीला अन्य मनाई नाही आणि त्रास आहे, तिच्या बाबतीत लाभाचे पारडे सामान्यतः जड असते, यावर आता बहुतेक वैद्यक संस्थांचे एकमत आहे. त्याच स्त्रियांचा अठरा वर्षे पाठपुरावा करून २०१७ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात गोळ्या घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांच्या एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. त्या बातमीला २००२ च्या बातमीचे भाग्य लाभले नाही, हे सांगावयास नकोच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या औषधांवरील काळ्या चौकटीतला हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांविषयीचा इशारा काढण्याचे जाहीर केले. एकट्या इस्ट्रोजेनने होणाऱ्या अस्तराच्या कर्करोगाचा इशारा मात्र ठेवला. आता लंबक पुन्हा दुसऱ्या टोकाला जाण्याची धास्ती वाटते. ज्या स्त्रीला काहीच त्रास नाही तिने तारुण्य टिकावे, हृदय सुरक्षित राहावे, स्मरण शाबूत राहावे म्हणून या गोळ्या घ्याव्यात, असे म्हणण्यास आजही पुरावा नाही. विल्सनसाहेबांचे पुस्तक नव्या वेष्टनात येऊ लागले तर त्यापासून दूरच राहिलेले बरे. दोन्ही संप्रेरके जितकी अधिक वर्षे घ्यावीत तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडाथोडा वाढतो, हेही तितकेच खरे आहे.

मग सुरुवात करावयाची ती कशी? पहिल्या भेटीला जाताना गेल्या पाच-सहा महिन्यांतील पाळीच्या तारखा कागदावर लिहून न्याव्यात. त्या कागदाचा उपयोग पुष्कळ तपासण्यांहून अधिक होतो. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड, स्तनांची तपासणी आणि घराण्यातील आजारांची चौकशी व्हावी. अंगावरून फार जात असेल, मध्येच रक्त दिसत असेल, तर आधी त्याचे कारण शोधले पाहिजे; ‘वयानेच जाते आहे’ म्हणून सोडून देण्यात कर्करोग निसटण्याचा संभव असतो. स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास, अथवा यकृताचा चालू विकार असल्यास हा मार्ग सामान्यतः बंदच समजावा. पूर्वी रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर निर्णय तज्ज्ञाशिवाय होऊ नये. ज्यांचे वजन अधिक आहे वा गुठळीचा संभव आहे, त्यांना गोळीपेक्षा त्वचेवर चोळावयाची जेल किंवा चिकटपट्टी बरी, कारण त्वचेतून गेलेले इस्ट्रोजेन नेहमीच्या मात्रेत गुठळ्यांचा धोका वाढवीत नाही.

पाळी अजून येत असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन रोज आणि प्रोजेस्टेरॉन महिन्यातून १२ ते १४ दिवस, अशी पद्धत असते. म्हणजे पाळी ठरावीक वेळी येत राहते. दोन्ही रोज देण्याची पद्धत पाळी थांबल्यानंतरची. ती आधीच धरली तर अवेळी रक्तस्राव होतो, आणि ‘मला औषध मानवले नाही’ म्हणून बाई उपचार सोडून देते. गर्भाशयात बसवावयाची संप्रेरकयुक्त तांबीसारखी वस्तू प्रोजेस्टेरॉनचे काम करते, शिवाय रक्तस्रावही आटोक्यात आणते. एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे: या गोळ्यांनी गर्भधारणा टळत नाही. पाळी अनियमित झाली म्हणजे निर्धास्त झालो, या समजुतीने पंचेचाळिसाव्या वर्षी भलतीच धावपळ झालेली कुटुंबे अनेकांच्या पाहण्यात असतील. वाफा काही आठवड्यांत कमी होऊ लागतात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मात्रा ठरवावी, पुढे दरवर्षी. किती वर्षे घ्यावयाचे याला ठरलेली सीमा नाही; तो हिशेब दरवर्षी नव्याने मांडावयाचा असतो, आणि मांडताना ती स्त्री समोर बसलेली असली पाहिजे, तिचा नवरा किंवा मुलगा नव्हे.

येथवरचा विचार ज्यांची पाळी आपल्या गतीने जात आहे त्यांचा झाला. महाराष्ट्रात अशाही स्त्रिया आहेत की ज्यांना हा उंबरठा चालत ओलांडावयास मिळालाच नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी केलेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ‘पिशवी’ काढलेली आढळली. पुष्कळ जणी तिशी-चाळिशीतल्या. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायकोचा मिळून एक कोयता, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. अशा कामात पाळी म्हणजे अडचण, आणि अंगावरून जाणे म्हणजे बुडालेली मजुरी. ‘काढून टाका, कर्करोग होईल’ असे सांगणारा भेटला की प्रश्न मिटला.

प्रश्न मिटत नाही. शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली असतील तर ऋतुनिवृत्ती वर्षांनी नव्हे, एका दिवसात येते. ठेवली असली तरी ती अपेक्षेपेक्षा लवकर थकू शकतात. पस्तिसाव्या वर्षी इस्ट्रोजेन गेलेल्या स्त्रीची हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि तिला डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढावयाचे असते. विशेष म्हणजे याच स्त्रियांच्या बाबतीत उपचाराविषयी वाद सर्वांत कमी आहे. अकाली ऋतुनिवृत्ती आलेल्या स्त्रीस, मनाई करणारे अन्य कारण नसल्यास, नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके द्यावीत असे सर्व मार्गदर्शक सूचना सांगतात. गर्भाशय नसल्यामुळे एकटे इस्ट्रोजेन पुरते. आणि एकट्या इस्ट्रोजेनचा जो प्रयोग अमेरिकेत २००४ मध्ये थांबविण्यात आला, त्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला आढळला नव्हता. भीतीचे मुख्य कारण जिला लागू नाही, तिलाच औषधाचे नावही ठाऊक नाही.

२०१९ नंतर बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय अशी शस्त्रक्रिया करू नये, असा नियम झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या सूचना सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात असा आदेश दिला. हे सर्व पुढे होणाऱ्या शस्त्रक्रियांविषयी झाले. ज्यांच्या होऊन गेल्या आहेत त्यांची विचारपूस त्यात नाही. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्याआधीच्या आरोग्य तपासणीत वजन आणि रक्तदाब यांच्या खाली दोन रकाने वाढविता येतील: पिशवी काढली तेव्हा वय काय होते, आणि अंडाशये ठेवली होती की काढली.