पगार किती, त्यापेक्षा हातात किती आणि उरतो किती



दर अंकात मी आपल्याशी बेणे, खत, पाणी आणि खोडवा व्यवस्थापन याबद्दल बोलतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. शहरात नोकरीला गेलेल्या एकट्या मुलाला किंवा मुलीला नीट राहायला महिन्याला किती पगार लागतो, याचा हिशोब मांडायचा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने पगाराची चर्चा कशाला करावी, असे कोणी म्हणेल. पण गटऑफिसला बिलाच्या चौकशीला येणाऱ्या दहांतल्या चार सभासदांचे बोलणे शेवटी पोराच्या नोकरीवरच येते. म्हणून हा लेख.

गेल्या गळीत हंगामात एक जुने सभासद ऑफिसला आले. "साहेब, पंधरवड्याचं बिल कधी जमा होतंय?" मी तारीख सांगितली. ते बसूनच राहिले. मी विचारलं, "आण्णा, काही अडचण?" तेव्हा ते बोलले, "पोरगं पुण्यात आहे. पंचवीस हजार पगार. तरी दर महिन्याला चार हजार माझ्याकडनं मागतंय. पगार जातोय कुठं? मला वाटतं काहीतरी नाद लागलाय. महिना झाला, मी त्याच्याशी फोनवर बोललो नाही."

त्या मुलाला मी ओळखतो. माती परीक्षणाचे नमुने तोच आणून द्यायचा. त्याला ऑफिसमधूनच फोन लावला आणि खर्चाचे आकडे विचारून एका कोऱ्या चिठ्ठीवर मांडले. अर्ध्या तासात उलगडा झाला. नाद वगैरे काही नव्हते. चूक हिशोबात होती, आणि ती बापलेक दोघांचीही होती. तीच चूक आपल्यापैकी अनेकांच्या घरी होते आहे.

पॅकेज म्हणजे भरलेल्या गाडीचे वजन

आपला ट्रॅक्टर काट्यावर जातो तेव्हा आधी भरलेले वजन होते. मग मोळ्या उतरवून रिकाम्या गाडीचे वजन घेतात. बिल निघते ते निव्वळ उसाचे. भरलेल्या वजनावर बिल मागणारा सभासद मी अजून पाहिलेला नाही. पण पोराच्या पगाराबाबत आपण नेमके तेच करतो.

कंपनी जे वार्षिक 'पॅकेज' किंवा 'सीटीसी' सांगते, ते भरलेल्या गाडीचे वजन असते. समजा पॅकेज ३ लाख आहे. महिन्याचे झाले २५,०००. त्यात मूळ पगार निम्मा, म्हणजे १२,५०० धरू. मालकाने भरायचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,५०० रुपये, बहुतेक ठिकाणी याच पॅकेजमध्ये धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची सुमारे ६०० रुपयांची तरतूदही त्यातच असते. राहिले २२,९००. त्यातून कामगाराचा स्वतःचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला. हातात आले २१,२००.

काही कंपन्या पॅकेजमधली थोडी रक्कम कामगिरी पाहून वर्षाखेरीला देतात. आण्णांच्या मुलाची अशी २०,००० रुपये रक्कम अडकून होती. महिन्याचे १,६५० त्यातही कमी झाले. म्हणजे घरी 'पंचवीस हजार' म्हणून जो पगार ठाऊक होता, तो प्रत्यक्षात १९,५५० होता.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पीएफ बुडीत जात नाही, ती मुलाचीच बचत आहे. नोकरी बदलली की तो पैसा काढून संपवू नये, जुने खाते नव्या नोकरीकडे वर्ग करून घ्यावे. दुसरे, दरमहा २१,००० पर्यंत वेतन असेल आणि आस्थापनेला राज्य विमा योजना लागू असेल तर पाऊण टक्का कपात होते, पण त्या बदल्यात दवाखान्याचा लाभ मिळतो. त्याचे कार्ड मुलाने जरूर काढून घ्यावे. आयकराची धास्ती या पातळीवर नको. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या पद्धतीप्रमाणे पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर भरावा लागत नाही.

गाव तसा खर्च

सगळ्या शहरांत रुपयाचे वजन सारखे नसते, हे सरकारलाही मान्य आहे. केंद्र सरकारने घरभाड्यासाठी शहरांचे तीन वर्ग केले आहेत. ५० लाखांवर लोकवस्तीची शहरे 'एक्स' वर्गात. त्यात मुंबई, पुणे, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद ही शहरे येतात. ५ ते ५० लाखांची 'वाय' वर्गात. त्यात आपल्याकडची कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाशिक, नागपूर वगैरे. बाकी सगळी 'झेड'. १ जानेवारी २०२४ पासून केंद्राच्या कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाला. म्हणजे मूळ पगार ३०,००० असेल तर पुण्यात ९,०००, कोल्हापुरात ६,००० आणि तालुक्याच्या गावी ३,०००. काम तेच, हुद्दा तोच, फरक फक्त राहण्याच्या जागेचा. खाजगी नोकरीत मात्र हा फरक कोणी मोजून देत नाही. तो आपणच मोजायचा.

आणखी एक मुद्दा. २०२३-२४ च्या सरकारी घरखर्च पाहणीत देशात माणशी महिन्याचा सरासरी खर्च खेड्यात ४,१२२ आणि शहरात ६,९९६ रुपये निघाला. हे वाचून कोणी म्हणेल, मग पोराला वीस हजार कशाला? पण ही कुटुंबातल्या माणसाची सरासरी आहे. घरात पाच माणसे असली तरी चूल एक, दिवा एक, छप्पर एक, आणि ते छप्पर पुष्कळदा स्वतःचे. एकट्याला सगळे स्वतंत्र आणि विकतचे. एकट्याचा संसार माणशी नेहमी महागच पडतो.

तीन शहरांचा ताळा

आपल्या गटांतली तीन मुले तीन शहरांत आहेत. त्यांच्याकडून वहीत खर्च लिहून घेतला आणि ढोबळ आकडे केले. वस्तीप्रमाणे हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील. कोल्हापूरच्या मुलाची लहान स्वतंत्र खोली आहे, पुण्याचा आणि मुंबईचा भागीत राहतात. मुंबईचा म्हणजे ठाण्याच्या पुढे.

जागेचे भाडे : कोल्हापूर ४,५०० / पुणे ७,५०० / मुंबई ९,५००
दोन वेळची मेस : ३,५०० / ४,००० / ४,५००
चहा, नाष्टा, सुट्टीच्या दिवसाचे जेवण : १,२०० / १,८०० / २,२००
लाईट, पाणी, गॅस, झाडलोट : ६०० / १,००० / १,२००
कामावर जाणे-येणे : १,५०० / २,२०० / १,२००
मोबाईल : ३५० / ३५० / ३५०
कपडे, औषध, किरकोळ : १,५०० / २,००० / २,२००
गावी येणे-जाणे : ६०० / १,२०० / १,५००
एकूण : १३,७५० / २०,०५० / २२,६५०

यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, जेवणात फारसा फरक नाही. खरा फरक जागेत आहे. दोन, जाण्या-येण्यात मुंबई पुण्यापेक्षा स्वस्त पडते, कारण तिथे लोकलचा पास आहे. हिंजवडी, चाकण, रांजणगावला जाणारा मुलगा गाडी घेतो, मग पेट्रोल आले आणि हप्ताही आला. तीन, या यादीत सिनेमा नाही, आजारपण नाही, बहिणीच्या लग्नाचा आहेर नाही. म्हणजे हा खर्च भागण्यापुरता झाला. याला नीट राहणे म्हणता येणार नाही.

नीट राहणे म्हणजे काय? माझ्या मते हातात येणाऱ्या चार रुपयांतले तीन खर्च व्हावेत आणि एक उरावा. त्यातून आधी तीन महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी करावी, म्हणजे नोकरी सुटली तरी खोली सुटत नाही. आपण उतारा बघतो तसे हे बघायचे. टनेज भरपूर आणि उतारा नाही, तर कारखाना चालत नाही.

या हिशोबाने हातात यायला हवेत : कोल्हापुरात सुमारे १८,५००, पुण्यात २७,०००, मुंबईत ३०,०००. पॅकेजच्या भाषेत अंदाजे अडीच ते पावणेतीन लाख, पावणेचार ते चार लाख आणि सव्वाचार ते साडेचार लाख. पुण्यात भागीदार नको, स्वतंत्र खोली हवी असेल तर भाडे जवळपास दुप्पट, आणि हातात ३६,००० तरी लागतात.

आता हे पाहा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या वसाहतीत एका मुलाला हातात १६,००० मिळतात. दुसऱ्याला पुण्यात ३ लाखांचे पॅकेज, हातात २१,२००. गावात मान कोणाला? पुण्याच्या. पण कोल्हापूरच्या मुलाकडे महिन्याला २,२५० उरतात आणि पुण्याच्याकडे १,१५०. मुली बघायला आलेल्या पाहुण्यांनीही हा ताळा करावा, एवढेच सुचवतो.

मग शहरात जाऊच नये का?

तसे माझे म्हणणे नाही. पुण्या-मुंबईत काम शिकायला मिळते, नोकरी बदलायची संधी मिळते, चार-पाच वर्षांत पगार वाढू शकतो. हे लागणीसारखे आहे. लागणीला बेणे, सरी, मशागत असा खर्च पहिल्या वर्षी जास्त, खोडव्याला तो नाही. पण लागण करताना आपण भांडवल आधी बाजूला काढतो. पोराला पाठवताना काढत नाही.

मी स्वतः डिप्लोमा झाल्यावर २००२ साली पुण्यात एका बियाणे कंपनीत लागलो. वडिलांनी बसमध्ये बसवताना दीड हजार दिले होते. अनामत, गादी, बादली यातच ते संपले, आणि पहिला पगार पस्तीस दिवसांनी झाला. शेवटचे दहा दिवस एक वेळ जेवून काढले, पण घरी कळवले नाही. पुष्कळ मुले आजही कळवत नाहीत. म्हणून पालकांनी पुढील गोष्टी आधीच कराव्यात.

१) बेण्याचे पैसे. अनामत, पहिले भाडे, अंथरूण-पांघरूण आणि पहिला पगार होईपर्यंतचा खर्च मिळून पुण्यासाठी ३५ ते ४० हजार हाताशी ठेवा. ते खाजगी सावकाराकडून काढू नका.

२) नेमणूकपत्र नीट वाचा. पॅकेज विचारू नका, 'दरमहा खात्यावर किती जमा होणार' हे विचारा. वर्षाखेरीची रक्कम किती, हेही विचारा.

३) खोलीचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत रकमेची पावती घ्या किंवा ती खात्यावरून द्या.

४) खोली कामाजवळ. भाडे हजाराने जास्त पडले तरी गाडीचा हप्ता आणि पेट्रोल वाचत असेल तर तीच खोली स्वस्त.

५) मुलींसाठी. वस्ती सुरक्षित हवी, रात्री परतण्याची सोय हवी. यासाठी दोन हजार जास्त गेले तर त्याला खर्च म्हणू नका. नोकरदार महिलांचे वसतिगृह मिळाले तर उत्तम. महिलांना दरमहा २५,००० पगारापर्यंत एप्रिल २०२३ पासून आपल्या राज्यात व्यवसाय कर माफ आहे. कपात होत असेल तर विचारणा करावी.

६) मदतीची मुदत ठरवा. किती महिने, किती रुपये, हे पाठवण्याआधीच दोघांनी ठरवावे.

शेवटचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. कारण हे चार हजार कुठून येतात ते पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. उताऱ्याची वाढ धरून आणि तोडणी-वाहतूक वजा जाता हातात ३,१०० येतात असे धरू. आडसालीचे एकरी ५० टन धरले तर झाले १,५५,०००. लागवडीपासून तोडणीपर्यंतचा खर्च ८५,००० धरला तर उरले ७०,०००. पीक शेतात १६ महिने. म्हणजे एकरी महिन्याला ४,३७५ रुपये. पोराला दरमहा चार हजार पाठवणारा सभासद जवळजवळ एक एकर ऊस पुण्याला पाठवतो आहे. दोन एकरवाल्याची निम्मी शेती झाली ही!

आण्णांच्या मुलाचा ताळा असा निघाला. हातात १९,५५०. खर्च वरीलप्रमाणे २०,०५०, शिवाय गाडीचा हप्ता ३,४००. तूट ३,९००. एक पैसा इकडेतिकडे गेला नव्हता. चिठ्ठी बघून आण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्यानं मागितलं ते बरोबरच होतं. मीच उगाच..." आणि तिथूनच त्यांनी फोन लावला. पुढच्या महिन्यात मुलाने कंपनीच्या बसथांब्याजवळ दुसऱ्या दोघांबरोबर खोली घेतली आणि गाडी गावी आणून ठेवली. हप्ता सहा महिने आण्णांनी भरायचा आणि पुढे मुलाने, असे ठरले.

सभासद बंधूंनो, उसाच्या वजनात दहा किलोचा फरक पडला तरी आपण काट्यावर उभे राहून विचारतो. पोराच्या पगाराबाबतही तसेच विचारा, पण संशयाने नको. या दिवाळीला मुलगा-मुलगी घरी आली की वही काढा, वरचे आठ रकाने मांडा आणि दोघांनी मिळून बेरीज करा. कोणाला ताळा जमला नाही तर गटऑफिसला या. माती परीक्षणाच्या अहवालाबरोबर हाही अहवाल आपण करून देऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी