कार्डाचे नाव आणि मंगळवेढ्याचा मे महिना

गेमिंग लॅपटॉप घ्यायचा ठरला की घरात चर्चा एकाच गोष्टीभोवती फिरते: कार्ड कोणते? आरटीएक्स ४०५० की ४०६०, थोडे ताणून ५०६० जमेल का? दुकानदार तेच सांगतो आणि जाहिरातीतही तेच ठळक असते. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या उन्हाळ्यात तर फारच अपुरा. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० ला एनव्हिडियाने ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कुठेही चालवायची मुभा दिली आहे. किती वॉट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणजे डब्यावर नाव एकच, आत मात्र तिपटीपर्यंत फरक असू शकतो. २०१७ पासून कमी वॉटांच्या कार्डांच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ अशी खूण तरी असायची. २०२१ च्या ३० मालिकेपासून नावातली ती खूणही गेली. डेस्कटॉपच्या कार्डाशी तुलना केली तर गोंधळ आणखी वाढतो: डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये ५,८८८ कोअर आणि १२ जीबी मेमरी, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४,६०८ कोअर आणि ८ जीबी. विहिरीवर मोटर बसवणारा माणूस नुसते कंपनीचे नाव ऐकून पैसे मोजत नाही, एचपी विचारतो. इथे एचपीच्या जागी वॉट आहेत. ते कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात ‘टीजीपी’ या नावाखाली बहुधा सापडतात, आणि जिथे सापडत नाहीत तिथे संशय घ्यायला हरकत नाही.

वॉट का महत्त्वाचे, तर कार्डात जाणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती बाहेर टाकायचे काम पंखे आणि तांब्याच्या नळ्या करतात, आणि त्यांचे यश खोलीतल्या हवेवर अवलंबून असते. ग्राफिक्स चिप साधारण ८७ अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करू लागते. खोली २५ अंशांवर असेल तर चिप आणि हवा यांच्यात ६२ अंशांचे अंतर मिळते. खोली ४० वर गेली की ते ४७ उरते. पंख्याचा वेग तोच धरला तर बाहेर पडू शकणारी उष्णता या अंतराच्या प्रमाणात घटते, म्हणजे जवळपास एक चतुर्थांशाने. इंटरनेटवरचे परीक्षण बहुधा वातानुकूलित खोलीत झालेले असते. अनेक कंपन्या माहितीपत्रकात वापराचे तापमान ३५ अंशांपर्यंतच लिहितात. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो हे कुणाला सांगायला नको. हुरड्याच्या दिवसांत सुरळीत चालणारे यंत्र वैशाखात अडखळू लागले, तर त्यात बिघाड असेलच असे नाही. त्याला तेवढी गार हवाच मिळत नसते.

यातून माझा निष्कर्ष असा: त्याच पैशांत सडपातळ लॅपटॉपमधले वरचे कार्ड आणि जाडजूड लॅपटॉपमधले एक पायरी खालचे कार्ड यांत निवड असेल, तर मंगळवेढ्यासाठी दुसरे घ्यावे. दोन-अडीच किलोंचे, मागे आणि बाजूला मोठे झरोके असलेले यंत्र दिसायला ओबडधोबड असते, पण मेमध्ये तेच टिकते. यावर आक्षेप येतो की मोठे कार्ड पुढची पाच वर्षे पुरेल. अंशतः खरे आहे. मात्र पुढे अडचण बऱ्याचदा कार्डाच्या मेमरीची येते, आणि लॅपटॉपच्या ४०६० व ४०७० दोन्हींत ती ८ जीबीच आहे. जास्तीचे पैसे मोजून त्या बाबतीत काही हाती लागत नाही. ४०५० मध्ये मात्र ६ जीबी असते आणि तो फरक नव्या मोठ्या गेममध्ये जाणवतो, म्हणून खालची पायरी निवडताना ८ जीबीच्या खाली उतरू नये. दुसरे असे की वॉट वाढवले म्हणून वेग त्याच प्रमाणात वाढत नाही. शंभरच्या आसपास गेल्यावर ४०६० ला आणखी वॉट देऊन फारच थोडी भर पडते, उष्णता मात्र पूर्ण वाढते. तेव्हा सर्वात मोठ्या वॉटच्या आकड्यामागे धावण्याचेही कारण नाही. आणि मुलगा किंवा मुलगी प्रामुख्याने व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणार असेल, तर कार्डापेक्षा प्रोसेसरच जास्त कामाला लागतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ तर साध्या कार्डावरही चालतो.

एसी लावला की प्रश्न मिटला, असे कुणी म्हणेल. मिटतो, पण लाखाच्या आसपासच्या यंत्रासाठी रोज तीन-चार तास एसी चालवायचा तर तो खर्चही किमतीत धरावा लागेल. आपल्याकडे त्याहून व्यवहार्य साधन घरोघरी आहे: कूलर. उन्हाळ्यातली इथली हवा कोरडी असल्यामुळे वाळ्याचा किंवा हनीकोंबचा कूलर खोली चांगली खाली आणतो. मुंबईच्या दमटपणात तोच निकामी ठरतो. फक्त त्याचा झोत थेट लॅपटॉपवर नको, कारण बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत गेले तर क्षार साचतात. जुन्या माळवदी घरातली खोली मिळाली तर आणखी उत्तम. पत्र्याखाली किंवा तापलेल्या स्लॅबखाली दुपारी गेम खेळणे म्हणजे यंत्राला शिक्षाच. लॅपटॉपखाली ठेवायच्या पंख्याच्या पॅडचा गाजावाजा फार होतो. तो खोलीचीच गरम हवा फेकतो, त्यामुळे फायदा बेताचा. मागची बाजू दोन बोटे उचलली तरी त्यातला बराचसा फायदा फुकट मिळतो.

याहून वजनदार आक्षेप डेस्कटॉपवाल्यांचा आहे: तेवढ्याच पैशांत जास्त वेग, थंड राहणारी मोठी पेटी, पुढे कार्ड बदलायची सोय. यंत्र एकाच खोलीत राहणार असेल तर हे म्हणणे मला मान्य आहे. पण इथले बारावी झालेले मूल सोलापूरला किंवा पुण्याला जाते, आणि होस्टेलच्या खोलीत पेटी, मॉनिटर, यूपीएस मांडायला जागा नसते. वीज गेली तरी लॅपटॉप बंद पडत नाही, हेही खरे. बंद पडत नाही एवढेच. बॅटरीवर कार्ड आपली शक्ती बरीच आवरते. विमानप्रवासाच्या नियमांमुळे बॅटरी १०० वॉट-तासांच्या आत ठेवतात आणि जड गेमला दीडशे वॉट लागले तर हिशेब अर्ध्या-पाऊण तासाचा होतो. २३० वॉटांचा अडॅप्टर घरच्या इन्व्हर्टरवर लावायचा असेल तर त्यावरचे बाकीचे ओझे आधी मोजावे. काही मोठ्या अडॅप्टरांना १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग येतो, म्हणजे खोलीत तसे सॉकेट आणि नीट अर्थिंग लागते.

बाकीची जुळणी थोडक्यात उरकता येते. रॅम १६ जीबी हवी आणि ती शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्यांत, कारण एकाच पट्टीत डेटाचा रस्ता निम्मा होतो आणि गेमचा वेग पडतो. ‘रॅम नंतर वाढवू’ हा जुना सल्ला आता जपून घ्यावा: २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, आणि काही सडपातळ मॉडेलांत ती बोर्डावर सोल्डर केलेलीच असते. पडद्याच्या तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे दिसले तर रंग फिके असणार, मग १४४ हर्ट्झ कितीही मिरवू देत. प्रोसेसरच्या नावांतही सापळे आहेत. रायझन ७ ७४३५एचएस स्वस्त आणि वेगवान आहे, पण त्यात अंगभूत ग्राफिक्सच नाही. साधा निबंध टाइप करतानाही मोठे कार्ड जागे राहते आणि कॉलेजात बॅटरी लवकर संपते. काही गेम आता शंभर जीबीच्याही वर जातात, म्हणून एसएसडीचा दुसरा स्लॉट आहे का ते पाहावे. वॉरंटी ‘ऑनसाइट’ म्हटलेली असली तरी ४१३३०५ या पिनकोडवर तंत्रज्ञ खरेच येतो का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारावे; नाहीतर प्रत्येक वेळी सोलापूरची खेप ठरलेली.

घेतल्यावर पहिले काम म्हणजे फ्रेमची मर्यादा घालणे. गोष्टीच्या गेममध्ये ६० फ्रेम भरपूर झाल्या; मर्यादा नसेल तर कार्ड विनाकारण पूर्ण वॉट खात राहते. आणि बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत एक चाचणी करावी: जड गेम अर्धा तास चालवून एनव्हिडियाच्या ॲपमध्ये वॉट आणि तापमान सोबत पाहावे. खरेदी बहुतेकदा दिवाळीच्या सेलमध्ये होते, तेव्हा खोली २६-२७ अंशांवर असते. त्या वेळी पूर्ण वॉटांवर चिप ७२-७४ वर थांबली तर मे महिन्यासाठी जागा शिल्लक आहे. दिवाळीतच ८५ दाखवत असेल, तर यंत्र परत करावे.