सळईचा ट्रेलर आणि अजस्र माल

जालना शहर बियाणे आणि पोलाद या दोन धंद्यांवर वाढले असले, तरी अवजड वाहतुकीची शाळा तेथे भरते ती पोलादामुळेच. औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत भंगार वितळवून त्याचे बिलेट, म्हणजे चौकोनी छेदाचे लांब ठोकळे, ओतले जातात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांपासून बांधकामाची सळई तयार होते. त्यामुळे या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्याच्या वाट्याला बहुधा सळईच येते.

सळईची प्रचलित लांबी 12 मीटर आणि चाळीस फुटी ट्रेलरची 12.19 मीटर, म्हणजे भारा सरळ ठेवल्यावर उरतात जेमतेम 19 सेंटिमीटर. क्रेनने भारा उतरवताना तो वीतभर सरकला, तरी टोके मागे डोकावू लागतात, आणि असा बाहेर आलेला माल मागच्या वाहनासाठी जीवघेणा असल्याने मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने त्यास 20,000 रुपये दंड ठेवला आहे. वजनाचा हिशेब याहून किचकट असतो. ट्रेलर ओढणाऱ्या तोंडाला वाहतूकदार ‘घोडा’ म्हणतात. 2018 च्या सुधारित मर्यादेनुसार घोड्याच्या पुढच्या एक्सलवर 7 टन, मागच्या जोड एक्सलवर 21 टन आणि ट्रेलरच्या तीन एक्सलवर 27 टन, असे वाहनासह एकूण 55 टन वजन चालते. धर्मकाट्यावर एकूण आकडा बरोबर आला, तरी भारे पुढे रेटून ठेवलेले असल्यास घोड्यावर जादा भार पडलेला असू शकतो, म्हणून माल कोठे ठेवला हे किती ठेवला याइतकेच महत्त्वाचे ठरते.

चालकाची वाट कायद्याने आखलेली आहे: वाहतूक वाहनाच्या परवान्यासाठी वयाची 20 वर्षे पूर्ण हवीत आणि त्याआधी हलके वाहन चालवण्याचा परवाना किमान वर्षभर हाती असावा लागतो. क्लीनर म्हणून काढलेल्या दिवसांची मात्र कोठेही नोंद होत नाही, आणि साखळी कशी ताणावी, लाकडी ठोकळे कोठे द्यावेत हे खरे शिक्षण त्याच दिवसांत होते.

सळई कितीही जड असली तरी ती दोन गाड्यांत वाटता येते, त्यामुळे मर्यादेबाहेर भरण्यास कोणतीही सबब उरत नाही. वीज उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर मात्र कापून नेता येत नाही. अशा अविभाज्य मालालाच विशेष परवानगीची वाट मोकळी असते. वाहतूकदार त्यास ‘ओडीसी’, म्हणजे ठरलेल्या मापांपेक्षा मोठा माल, म्हणतात. रुंदीचे सर्वसाधारण माप 2.6 मीटर आहे. फार जड नगासाठी हायड्रॉलिक एक्सलचा ट्रेलर लागतो, ज्यात एक्सलच्या रांगा गरजेप्रमाणे जोडल्या जातात आणि तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर खाचखळग्यांतही सर्व चाकांवर सारखा भार ठेवतात. गाडी हलण्यापूर्वी मार्गाची पाहणी होते: लोंबकळणाऱ्या तारा, रेल्वे पुलाखालची उंची, गावातले वळण आणि जुन्या मोऱ्या. पुलावरून वाहन एकट्याने, मधोमध, रांगत्या गतीने आणि शक्यतो ब्रेक न लावता न्यावे लागते, कारण ब्रेकचा धक्का थेट पुलाला बसतो.

या संथपणाची दखल करव्यवस्थेनेही घेतली आहे. मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत साध्या मालाला दर 200 किलोमीटरमागे एक दिवस, तर ओडीसीला दर 20 किलोमीटरमागे एक दिवस मिळते. जवाहरलाल नेहरू बंदर ते जालना हे अंतर सुमारे 400 किलोमीटर धरले, तर पहिल्यास दोन दिवस आणि दुसऱ्यास वीस दिवस. सळईच्या भाड्याची सवय झालेला नवखा मालक याच फरकाला फसतो. तो अंतर मोजून भाव सांगतो आणि परवानगी येईपर्यंत किंवा तारा उचलल्या जाईपर्यंत उभ्या राहिलेल्या गाडीचा हप्ता, चालकाचा भत्ता व पुढे धावणाऱ्या पायलट वाहनाचा खर्च त्याच्या अंगावर पडतो. ओडीसीचे भाडे म्हणूनच दिवसांवर बांधावे लागते, आणि उभ्या दिवसाचा दर करारात आधी लिहून घ्यावा लागतो.