मूत्रपिंडाचा आजार: आधी रिपोर्ट, मग पथ्य

‘क्रिएटिनिन वाढले आहे, मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार आहे,’ असे कळले की घरात पहिला प्रश्न येतो : आता खायचे काय? उत्तर द्यायला सगळेच पुढे सरसावतात. शेजारी डाळ बंद करायला सांगतात, नातेवाईक टोमॅटो आणि पालक, तर मोबाइलवरचा एखादा व्हिडीओ सगळी फळे. काही दिवसांत ताटात भात आणि दुधी भोपळा एवढेच उरते. रुग्णाचे वजन घटते, ताकद जाते आणि दोष आजाराला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा ती उपासमार असते.

या आजाराच्या सर्व रुग्णांना लागू पडेल असे एकच पथ्य नाही. आजाराचा टप्पा, रक्तातील पोटॅशियम व फॉस्फरस, मधुमेह आहे का, डायलिसिस सुरू आहे का, यावर आहार ठरतो. त्यामुळे एका रुग्णाचा आहारतक्ता दुसऱ्याने वापरू नये.

बहुतेक सर्वांना लागू पडणारी गोष्ट म्हणजे मीठ कमी करणे. दिवसभरात पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, ही साधारण मर्यादा. भाजी-आमटीतले मीठ त्यातच मोजायचे आणि लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी, पाव, खारी यांतलेही. सैंधव मीठ यावर उपाय नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच असते. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराईड मिसळलेले असते. ते या रुग्णांना घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

रक्तातील पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ या मर्यादेत असेल, तर फळे-भाज्या सरसकट बंद करण्याचे कारण नसते. ते वाढलेले असेल तर मात्र शहाळ्याचे पाणी, केळी, फळांचे रस, सुकामेवा टाळावा लागतो. अशा वेळी सफरचंद, पेरू, पपई यांपैकी काय आणि किती चालेल, हे विचारून घ्यावे. बटाटा किंवा पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी फेकून द्यावे, म्हणजे पोटॅशियम बरेच कमी होते. कापल्यावर चांदणीसारखे दिसणारे कमरख हे फळ मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांनी खाऊच नये. त्यातील विषारी द्रव्य शरीराबाहेर पडत नाही आणि मेंदूवर परिणाम करते.

सर्वात मोठा गोंधळ प्रथिनांचा आहे. मध्यम ते पुढच्या टप्प्यात, डायलिसिस नसताना, प्रौढ रुग्णाला रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसासाठी हे ४८ ग्रॅम झाले. तीस ग्रॅम कच्च्या डाळीतून सुमारे सात ग्रॅम, तर एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. म्हणजे डाळ प्रमाणात खायची असते, बंद करायची नसते. डायलिसिस सुरू झाल्यावर तर हिशेब उलटतो. त्या प्रक्रियेत प्रथिने निघून जातात, म्हणून गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढते. अनेक रुग्ण नेमके याच वेळी जुने पथ्य चालू ठेवतात आणि खंगत जातात.

फॉस्फरसच्या बाबतीतही डाळीपेक्षा कोला पेये, प्रोसेस्ड चीज, तयार मांसाचे पदार्थ अधिक त्रासदायक. डाळीतला फॉस्फरस शरीर अर्धवटच शोषून घेते, पण कारखान्यात मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा शोषला जातो.

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही सरसकट लागू नाही. पायावर सूज असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर पाणी मोजूनच प्यावे लागते. मधुमेही रुग्णांनी खाणे अचानक कमी करू नये. मूत्रपिंड मंदावल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि साखर एकदम खाली येऊ शकते.

पुढच्या तपासणीला जाताना तीन दिवसांत काय खाल्ले ते कागदावर लिहून न्यावे, ताजे रिपोर्ट सोबत ठेवावेत आणि तीन प्रश्न विचारावेत : माझे पोटॅशियम किती आहे, मला प्रथिने किती हवीत, पाणी किती प्यावे? सोय असेल तिथे आहारतज्ज्ञांनाही भेटावे. रिपोर्ट बदलले की पथ्यही बदलते, म्हणून दर तपासणीत हे प्रश्न पुन्हा विचारावेत. तोवर कुणाच्या सांगण्यावरून ताटातली डाळ काढू नये.