ब्रोमोच्या काठावरचा गणपती

ज्वालामुखीच्या तोंडाशी गणपती बसलाय, हे ऐकून खरं वाटत नाही. पण पूर्व जावातल्या ब्रोमोच्या काठावर तो आहे. छोटी दगडी मूर्ती, अंगावर राख, पुढ्यात फुलं. शेजारीच खोल विवर आणि त्यातून वर येणारी पांढरी वाफ.

ब्रोमो म्हणजे आपला ब्रह्मा. इथले तेंगेर लोक स्वतःला मजापहित साम्राज्याचे वंशज मानतात आणि त्यातले बरेचजण आजही हिंदू आहेत. रोरो आंतेंग आणि जोको सेगेर या निपुत्रिक जोडप्याला डोंगराच्या देवानं 25 मुलं दिली आणि धाकट्याला परत मागितलं, अशी त्यांची कथा. त्याची आठवण म्हणून कसादा महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास लोक भाजीपाला, कोंबड्या, बकऱ्या, पैसे विवरात अर्पण करतात. आतल्या उतारावर काहीजण लांब काठीला जाळी बांधून उभे असतात आणि वरून पडणारं वरच्या वर झेलतात. देवाला दिलेलं गरिबाच्या घरी पोचतं, यात तिथं कुणाला वावगं वाटत नाही.

सहल सुरू होते पहाटे तीनच्या सुमारास, चेमोरो लावांग गावातून, जीपनं. आधी पोचायचं 2,770 मीटरवरच्या पेनंजाकानच्या माथ्यावर. कानटोपी आणि स्वेटर हवाच. उजाडताना समोर बातोकचा घड्या पडल्यासारखा सुळका, बाजूला 2,329 मीटरचा ब्रोमो आणि मागे जावातला सर्वांत उंच सेमेरू. अनेकजण इथूनच फोटो काढून परत फिरतात. तसं करू नका. खाली उतरून काळ्या वाळूच्या मैदानातून चालत जा. त्याचं नाव सेगारा वेदी, म्हणजे वाळूचा सागर. मध्येच एक मंदिर लागतं आणि मग सुमारे अडीचशे पायऱ्या. वर पोचताच गंधकाचा उग्र वास नाकात जातो. आपला सह्याद्रीही लाव्ह्याच्या थरांचाच, पण ती आग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. इथली अजून जागी आहे.

दुपारी मडाकारिपुराचा धबधबा. मजापहितचा महामंत्री गजह मद इथं ध्यानाला बसत असे, अशी श्रद्धा आहे. ओढ्यातून, दगडांवरून चालत घळीत शिरायचं. दोन्ही कड्यांवरून पाण्याचा पडदा अंगावर येतो. रेनकोट घातला तरी भिजणं ठरलेलंच. शेवटी विहिरीसारख्या गोल जागेत सुमारे 200 मीटरवरून मुख्य धार कोसळते. मान वर केली की आभाळाचा एवढासा तुकडा दिसतो.

जाण्यासाठी एप्रिल ते ऑक्टोबर हे कोरडे महिने चांगले. विवराजवळ जायला बंदी नाही ना, हे आधी विचारून घ्या. 2015-16 मध्ये ब्रोमो बराच काळ राख ओकत होता. आणि वरच्या डोंगरात पाऊस लागला की मडाकारिपुराच्या घळीतलं पाणी बघता बघता चढतं. गाइड मागे फिरा म्हणाला, तर फिरायचंच.