ई-बाईकचा अपघात : उपचार आणि नुकसानभरपाई

पावसाळा लागला की कर्जत, नेरळ, खोपोली, चौक या पट्ट्यात दुचाकींची वर्दळ वाढते. ओला रस्ता, खड्डे, वळणे आणि शनिवार-रविवारची गर्दी. त्यात आता भर पडली आहे ती विजेवर चालणाऱ्या दुचाकींची. कोणी ती विकत घेतो, कोणी तासावर भाड्याने घेतो, तर कोणी शेजाऱ्याची मागून आणतो. पेट्रोलचा खर्च नाही, धूर नाही, ही मोठीच सोय आहे. पण मूठ पिळताक्षणी ही गाडी उसळी घेते आणि तिचा आवाज नसल्याने पायी चालणाऱ्याला ती मागून आल्याचे कळत नाही. गाडी परक्याची असेल तर तिच्या ब्रेकचा अंदाजही नसतो.

अशा अपघातांत हाडांच्या दुखापती ठरावीक असतात. पडताना माणूस हात टेकतो म्हणून मनगट किंवा गळपट्टीचे हाड मोडते. दुसऱ्या वाहनाचा धक्का बसला तर नडगीचे हाड मोडते आणि तिथे कातडी पातळ असल्याने हाड बाहेर येऊन जखम दूषित होते. अशा जखमेवर हळद, चुना, कॉफी काही भरू नये. स्वच्छ कापडाने दाबून धरावे, पाय फळीला बांधून स्थिर करावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.

सर्वांत फसवी दुखापत डोक्याची. रुग्ण उठून बसतो, बोलतो, चहासुद्धा पितो आणि आत रक्ताची गाठ वाढत असते. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, हातापायात कमजोरी, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, यांपैकी एकही लक्षण दिसले तर घरी थांबू नये. पहिला तास मोलाचा असतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. गेल्या पावसाळ्यानंतर खालापूर तालुक्यातील एक भाजीविक्रेत्या बाई माझ्याकडे आल्या. भाच्याच्या मागे बसून बाजाराला जाताना टेम्पोचा धक्का लागला आणि नडगीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन आत सळई बसली. चार महिने पाटी डोक्यावर घेता आली नाही. टेम्पोवाल्याने जागेवरच पाच हजार रुपये हातात ठेवले आणि तो निघून गेला. भाच्यामागे पोलिसांचे लचांड नको, म्हणून नातेवाइकांनी पहिल्या दवाखान्यात सांगितले, "अंगणात घसरून पडल्या." केसपेपरवर तेच लिहिले गेले. पुढे भरपाईचा विचार सुरू झाला तेव्हा तीच एक ओळ आडवी आली. विमा कंपनीचा वकील सर्वप्रथम तीच ओळ वाचतो.

म्हणून वाचकहो, डॉक्टरांना खरे सांगा. अपघात कुठे, किती वाजता, कोणत्या वाहनाने झाला हे नोंदवून घ्या. रस्त्यावरील अपघाताची नोंद रुग्णालयात एम.एल.सी. म्हणून होते आणि पोलिसांना कळवले जाते. त्याला घाबरण्याचे कारण नाही. मदत करणाऱ्यालाही कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. खोपोलीत 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' या नावाने काम करणारे तरुण वर्षानुवर्षे घाटात धावून जातात, तेही अशाच सामान्य घरांतले आहेत. फिर्याद द्यायला उशीर झाला, एवढ्याच कारणाने भरपाईचा दावा बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. मात्र उशिराचे कारण सांगावे लागते आणि साक्षीदार लागतात.

उपचाराच्या पैशांची चिंता करून वेळ दवडू नका. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार, मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार मिळू शकतात. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही तरी गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना दोन लाख रुपये देण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे.

ई-बाईकच्या बाबतीत पहिला प्रश्न नंबरप्लेटचा. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची हलकी गाडी कायद्याने मोटार वाहनच नाही. तिला नोंदणी नाही, सक्तीचा विमा नाही. तिने कोणाला धडक दिली तर मागे विमा कंपनी उभी नसते, भरपाई चालवणाऱ्याकडूनच मागावी लागते. पण अशा गाडीवरून जाताना तुम्हाला टेम्पोने ठोकरले, तर टेम्पोच्या विम्याकडे दावा करता येतो. नोंदणी झालेल्या विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते. खासगी गाडीवर पांढरी अक्षरे, भाड्याच्या गाडीवर पिवळी. पांढऱ्या अक्षरांची गाडी कोणी भाड्याने देत असेल तर विमा कंपनी हात वर करण्याची शक्यता असते. खासगी दुचाकीचा केवळ 'थर्ड पार्टी' विमा असेल, तर मागे बसलेल्या माणसाला त्यातून सहसा संरक्षण मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. आपल्या जिल्ह्यात त्यासाठी अलिबागला जिल्हा न्यायालय आहे. अपघात जिथे झाला किंवा आपण जिथे राहतो, तिथल्या न्यायाधिकरणात तो करता येतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली गेली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर न राहता लवकर वकील गाठावा. फिर्यादीची प्रत, केसपेपर, क्ष-किरण फिल्म, बिले, औषधांच्या पावत्या, मजुरीचा पुरावा, सारे एका पिशवीत जपून ठेवा. प्रवासाच्या रिक्षाभाड्याचीही नोंद ठेवा.

अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल एक गैरसमज आहे. दाखल्यावरचे टक्के म्हणजे कमाईतील तोटा नव्हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्या अपंगत्वाचा त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते पाहावे. टेबलावर बसणाऱ्याचा आखडलेला गुडघा आणि भातलावणी करणाऱ्याचा आखडलेला गुडघा सारखा नाही. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही मोल आहे, हे न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. म्हणून आपण काय काम करतो आणि आता काय जमत नाही, हे डॉक्टरांना नेमके सांगा.

भाड्याची गाडी घेताना आधी ब्रेक, टायर, दिवे, मग विम्याचा कागद पाहा. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर हवे. आणि अपघात झालाच, तर रस्त्यावर पैसे घेऊन मिटवू नका. हाड जुळायला लागणारे महिने त्या नोटांत मोजता येत नाहीत.